मी सुधारलेली बोडी

माझं नाव डोमा. साकोलीहून नागझिऱ्याच्या जंगलाकडे जाताना आमचं गाव लागतं. गावाच्या टोकाला आमची बोडी, म्हणजे धानाला पाणी देणारं लहानसं तळं. वडिलांच्या हयातीत तिच्यात देवधान नावाचा रानटी भात आपोआप उगवायचा, कमळं असायची, पाणी अडवणाऱ्या मातीच्या पाळीवर झुडपं आणि गुडघाभर गवत. वडील कशालाच हात लावत नसत. मी त्याला आळस समजायचो, कारण मी मॅट्रिकपर्यंत शिकलो होतो. नापास झालो होतो, पण शिकलो होतो.

१९७४ च्या सुमारास साकोलीच्या एका प्रदर्शनात मी आदर्श तलावाचं चित्र पाहिलं. आरशासारखं पाणी, तासलेल्या कडा. घरी आलो आणि कामाला लागलो. देवधान उपटलं, कमळाचे कंद काढले, झुडपं तोडली, पाळीवरचं गवत मुळासकट खरवडलं. बोडी मुंडण केल्यासारखी दिसू लागली. मग मासोळीचं बीज सोडलं. लपायला आडोसा नव्हता. बगळ्यांनी ते वेचून खाल्लं. मी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी किती नितळ आहे ते दाखवत होतो.

पुढच्या पावसात पाळ भेगाळली. माती धरून ठेवायला गवतच नव्हतं. फट बुजवायला मी फावडं घेऊन वर चढलो, तर पाळीचा तो तुकडा मला घेऊनच खाली गेला. मांडीचं हाड मोडलं आणि वाकडं जुळलं. दोन वर्षं मी खाटेवरून बायकोला, लीलाबाईला, शेतीचे सल्ले देत राहिलो. तिनं एकही मानला नाही, म्हणून धान बरं पिकलं. तिच्या भावानं, परसरामनं, पाळ अर्ध्या उंचीची बांधून दिली. गुरं शिरू नयेत म्हणून लीलाबाईनं काट्यांचं कुंपण घातलं. बाकी बोडीकडे कुणी पाहिलं नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात मी काठी टेकत तिथं गेलो. उथळ पाण्यात देवधान माजलं होतं, कमळाची पानं पसरली होती. आपण पडून राहिलो आणि केवढी घाण झाली, असं वाटून विळा घेऊन आत उतरलो. देवधानातून माणसाएवढा सारस पंख पसरून अंगावर आला. त्याचं घरटं तिथंच होतं. डॉक्टरांना दोन वर्षांत जमलं नाही ते त्यानं केलं: मी काठीशिवाय पळालो.

लीलाबाई पाळीवरून सगळं पाहत होती.

"तुमी आता काई करू नोका," ती म्हणाली. "तुमी पडून होते म्हणूनच हे उगवलं."

"मंग मी काय करू?"

"गुरं आली त हाकला. बाकी बसून राहा."

तेव्हापासून मी बसतो. पुढं नागपूरहून पक्षी पाहणारे एक प्राध्यापक आले आणि बोडी पुन्हा कशी जिवंत केली ते विचारू लागले. मी तासभर माझी पद्धत समजावली. लीलाबाई चहा ठेवून आत गेली.

शेजारच्या श्रावणनं माझं ते भाषण ऐकलं आणि आपलीही बोडी मोकळी सोडली. १९८४ साली सारसांच्या जोडीनं घरटं त्याच्याकडे केलं. ते कळल्यावर काही दिवस मी श्रावणशी बोललो नाही.