खंडेनवमीचा खटका

होसकोट्याच्या कारखान्यात नवा सर्व्हर आला, तेव्हा त्यावर कोणती फाइल सिस्टिम घालायची यावरून मी मालकांच्या मेहुण्याशी भांडले. त्याचा मला अजूनही जराही पश्चात्ताप नाही. फाइल सिस्टिम म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे, याचा हिशेब राखायची रीत. जुन्या संगणकावर फॅट होती. एकदा वीज गेली आणि दोन ड्रॉइंगं एकमेकांत मिसळून बसली. एक उघडावं तर दुसऱ्याचा तुकडा निघे. गिऱ्हाइकांच्या साच्यांची सगळी ड्रॉइंगं एका डिस्कवर, आणि नव्वदीतली आमची वीज म्हणजे मनाला येईल तेव्हा जाणारी. म्हणून मी म्हटलं, एनटीएफएस. ती डिस्कची मांडणी बदलण्याआधी बदल टिपून ठेवते. मध्येच वीज गेली तर पुन्हा सुरू होताना ते टिपण वाचून मांडणी सावरते.

मेहुणा संगणक विकायचा, त्यामुळे शहाणपणाचा मक्ता त्याच्याकडे. "फॅट बिघडली तर फ्लॉपी घालून दुरुस्त करता येते, मॅडम. तुमच्या सिस्टिममध्ये फ्लॉपीनं शिरताच येत नाही."

हे खरंच होतं. "म्हणजे प्लास्टर हाताशी आहे म्हणून रोज पाय मोडून घ्यायचा?" मी विचारलं. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

मालकांना आम्ही अण्णा म्हणायचो. "सरी, बरं तर," ते म्हणाले, "तुझ्या मनासारखं कर. पण एक जरी ड्रॉइंग गेलं, तर हे संगणकांचं खातं मेहुण्यांकडे आणि तू घरी." वीज जाताना साठवत असलेलं काम बुडेल, बाकी काही हलणार नाही, एवढं बजावून मी हो म्हटलं.

मग खंडेनवमी आली. आमच्या कारखान्यात त्या दिवशी यंत्रं एकेक करून बंद करत नसत. सगळी चालू ठेवायची, आरती झाली की अण्णांनी मुख्य खटका ओढायचा आणि सगळी आयुधं एकदम विसावायची. सर्व्हरला यूपीएस होता म्हणून मी निर्धास्त होते. पण पूजेत पहिला मान नव्या यंत्राचा, आणि यूपीएस नवाकोरा! सकाळी मी यायच्या आत कुणीतरी भक्तिभावानं तो पुसून चौरंगावर ठेवला होता, आणि सर्व्हरची वायर थेट भिंतीत खोचून तो सुरूही केला होता. झेंडूच्या माळेखाली तो डबा मला दिसला, तेव्हा आरती संपत आली होती. "अण्णा, थांबा!" म्हणेपर्यंत खटका खाली आला.

वर माळ्यावर ड्रॉइंग काढणाऱ्या पोरांचं ड्रॉइंगं साठवणं चालू होतं. वीज आल्यावर सर्व्हर सुरू केला. त्यानं थोडा वेळ घेतला आणि उभा राहिला. आम्ही एकेक ड्रॉइंग उघडलं. एकातले शेवटचे फेरफार गेले होते, बाकी सगळं जागच्या जागी.

"नशीब," मेहुणा म्हणाला. "एकदा वाचलं म्हणजे दरवेळी वाचेल?"

अण्णांनी मान डोलावली, आणि माझं डोकं फिरलं. नशीब काय? महिनाभर घसा कोरडा करून सांगितलं ते नशीब? हातच्या काकणाला आरसा कशाला! मी खाली गेले, यूपीएस चौरंगावरच राहू दिला, यंत्रं पुन्हा सुरू करायला लावली, वरच्यांना ड्रॉइंगं साठवत राहा म्हणून ओरडून सांगितलं आणि खटक्याशी जाऊन उभी राहिले. त्याला अण्णांखेरीज कुणी हात लावत नसे, बाईनं तर नाहीच.

"अगं, स्वल्प थांब!" अण्णा म्हणाले.

मी ओढला. सगळा कारखाना गप्प झाला.

"आता वर चला," खटका पुन्हा वर करून मी मेहुण्याला म्हटलं. "स्वतः उघडून बघा. सगळी निघाली, तर या खात्यात पुन्हा पाय ठेवायचा नाही."

तो आला. एकेक ड्रॉइंग उघडत गेला, शेवटचंही उघडलं आणि जिना उतरला. त्यानंतर तो त्या माळ्यावर कधी आला नाही.