उजवीकडचं खाचर

"गेला उजवीकडं."

मी चेंडू मारायच्या आधीच तो हे म्हणायचा आणि गवत कापायचं यंत्र ढकलत पुढे निघून जायचा. चेंडू कुठे पडला हे बघायचीही त्याला गरज वाटत नसे. या माणसाचा मला मनापासून राग होता.

शिवऱ्याच्या पुढे, हायवे सोडून आत आमचं गोल्फचं मैदान आहे. मी भोरचा वकील, पन्नाशीत हा खेळ सुरू केला. तुम्ही खेळला नसाल तर सांगतो, नवख्याचा लांबचा फटका हवेत वळून उजवीकडे जातो. म्हणून तो डावीकडे तोंड करून उभा राहतो. मीही तेच केलं. जितका डावीकडे वळलो तितका चेंडू उजवीकडे पळाला, थेट कुंपणापलीकडच्या भातखाचरात. मग रिवाजाप्रमाणे 'फोर' म्हणून ओरडायचं, म्हणजे समोरच्यांनी डोकं सांभाळावं.

एकदा दोन पक्षकार सोबत होते. "साहेब, कोर्टात पण असंच मारता का?" गवत कापता कापता त्याने विचारलं. दोघंही हसले. तो सगळ्याच मेंबरांना असं बोलायचा, पण मी तडक मॅनेजरकडे गेलो. दुसऱ्या दिवसापासून त्याला मेंबरांशी बोलायची बंदी झाली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

त्यानंतर कुणीही नवखा मारायला उभा राहिला की तो यंत्र सोडून कुंपणाशी जायचा आणि आमच्याकडे पाठ करून थांबायचा. ती पाठ मला त्याच्या बोलण्यापेक्षा जास्त झोंबायची.

शेवटी मीच हरलो. एका सकाळी, मॅनेजर यायच्या आधी, त्याला म्हणालो, "काय चुकतंय ते दाखव एकदा."

"बोलायची बंदी हाय मला. कुणीतरी वर सांगितलंय."

तो 'कुणीतरी' मीच, हे न सांगता मी काठी धरून उभा राहिलो.

त्याने माझी मूठ धरून पिळल्यासारखी फिरवली. "डाव्या हाताच्या दोन गाठी वरनं दिसल्या पायजेत." मग पायातली चप्पल काढून चेंडूच्या पलीकडे, जरा मागे ठेवली. "काठी बाहेरनं येती तुमची. चपलेला लागली की चुकलात. आतनं या."

पहिल्याच फटक्याला चप्पल उडाली, तिचा अंगठा तुटला. "दुसरी हाय अजून," तो म्हणाला. हसला मात्र नाही.

आठवड्याभराने चेंडू सरळ गेला. मी आनंदाने हात पुढे केला. त्याने तो घेतला नाही.

"तुमच्यासाठी न्हाई शिकवलं." खाचरात एक बाई वाकून तण काढत होती. "आमची मंडळी. तिला ऐकू येत न्हाई. तुमी कितीबी फोर फोर करा."

त्याच दिवशी मॅनेजरला सांगून बंदी उठवायला हवी होती. पण आपणच केलेली तक्रार आपणच मागे घ्यायची, याची मला लाज वाटली.

पुढच्या महिन्यात पुण्याहून एक नवा मेंबर आला. तोही डावीकडे तोंड करून उभा राहू लागला. मी तेव्हा कोर्टात होतो, नंतर ऐकलं. बोलायची बंदी, म्हणून त्याची चूक सांगता येईना; हा नेहमीसारखा कुंपणाशी, बायको आणि चेंडूच्या मधे जाऊन उभा राहिला. चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला. बाईचा एक डोळा गेला.

त्याने काम सोडलं. मी त्याच्या घरी गेलो, तर तो दारातच आडवा उभा राहिला.

"चेंडू तुमचा न्हवता, म्हाईत हाय मला. तुमच्यावर राग न्हाई. जावा," म्हणाला आणि दार लावून घेतलं.

तक्रार माझी होती, हे सांगायला मी गेलो होतो. दार पुन्हा वाजवायची हिंमत झाली नाही.