दाबून बसवलेली बॅटरी

हे मी घरीही कधी बोललो नाही. फुलपाड्यातल्या मोबाईलच्या दुकानातला तो कारागीर प्रत्येक फोन आधी काचेवर उताणा ठेवून बोटाने फिरवायचा. फिरला, की आतली बॅटरी फुगलेली. माझा गरकन फिरला.

"काका, हा बॉम्ब आहे. नवीन टाका."

"डोस नको पाजूस. दाबून बसव, आजचा दिवस निघू दे," मी दरडावलं.

त्याने नाइलाजाने दाबली. ती त्याच्या हातातच पेटली. दोन बोटं गेली. पट्टी बांधून तो परत आला, तेव्हा मालकाने निष्काळजी म्हणून माझ्यादेखत त्याला काढलं. त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं, पण नाव घेतलं नाही.

जबरदस्ती माझी होती, हे मालकाला सांगायचं अजून राहिलंय.