कमळ कापा, धड भरा

प्रिय इरा आणि रोहन,

तुमच्या आईचं लग्न एका वनस्पतिशास्त्रीय चुकीमुळे मोडता मोडता राहिलं, आणि ती चूक माझी होती.

हे आत्ताच लिहायचं कारण म्हणजे परवाचा फोन. रोहनने विचारलं, "आजी, तू खरंच म्हशीसमोर बेशुद्ध पडली होतीस?" म्हणजे तुमच्या बाबांनी ती गोष्ट तुम्हाला सांगितली तर! त्यांच्या सांगण्यात तीन चुका आहेत. एक, मी बेशुद्ध पडले नव्हते, बसले होते. दोन, म्हशी दोन होत्या. तिसरी चूक योग्य ठिकाणी सांगेन. गोष्ट सात समुद्रांपलीकडे जाणारच असेल, तर ती तपासून जावी एवढंच माझं म्हणणं.

तेव्हा आम्ही धुळ्याला राहत होतो. माझं माहेर नाशिकचं, शिक्षण इंग्रजीतून, नोकरी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवण्याची आणि स्वभाव तपासण्याचा. रेडिओवर गाणं लागलं की लोकांचा पाय ताल धरतो, माझा हात लाल पेन शोधायचा. त्यासाठी मी दोनशे पानी वहीच केली होती. तीन रकाने आखले होते: ओळ, चूक, दुरुस्ती. एखाद्या गाण्यात समोर सूर्य बुडतोय आणि डोक्यावर पौर्णिमेचा चंद्र आलाय, असं असलं की मी लिहायची, "चूक. त्या वेळी तो पूर्वेला नुकता उगवत असतो." कुणाचं हृदय चोरीला गेलं की, "चूक. अशा व्यक्तीस दुसरे कडवे म्हणता येणार नाही."

तुमचे आजोबा (ज्यांना सगळं गाव नाना म्हणायचं) यावर फक्त एवढंच म्हणायचे, "अगं, तो चंद्र त्याच्या पैशाने आणलाय. राहू दे ना डोक्यावर!"

तर अशा घरात तुमच्या आईचं, म्हणजे कमलचं, लग्न ठरलं. मुलगा फैजपूरजवळच्या एका गावातला, शेतीची पदवी घेतलेला, बोलायला नम्र. साखरपुडा झाला. मुलगा इतका नम्र होता की मला तेव्हाच थोडा संशय आला होता. पण नम्रपणावरून स्थळ नाकारता येत नाही, असं नाना म्हणाले.

लग्नाला महिना राहिला असताना मुलाकडून एक कॅसेट आली. सोबत चिठ्ठी: "आमच्या अक्काने, म्हणजे माझ्या आत्याने, लग्नासाठी नवीन गाणं जुळवलं आहे. तुमच्याकडच्या बायकांनी पाठ करावं, म्हणजे मांडवात दोन्हीकडून म्हणता येईल."

मी टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला, वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. आधी बराच वेळ खरखर, मग एक कोंबडा, मग एका बाईचा खणखणीत आवाज:

"उंच झाडाले कमय, खाली घालूनिया मान,
कापा कापा व कमय, मंग धड भरे छान!"

मला "कमय" कळेना. तेवढ्यात शेजारच्या शेवंताबाई विरजण मागायला आल्या. अस्सल अहिराणी बोलणाऱ्या, आणि पूर्व जळगावच्या लोकांविषयी ठाम मतं असणाऱ्या.

"कमय म्हंजे कमळ ओ बाई. तिकडना लोके 'ळ'ना 'य' करतस."

"कमळ? झाडाला?" मी लगेच वहीत लिहिलं, "चूक. कमळ ही पाणवनस्पती आहे. झाडावर येत नाही." मनातून मला आनंद झाला. व्याह्यांच्या गाण्यात पहिल्याच ओळीत चूक सापडणं हे भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

शेवंताबाई मात्र विरजणाची वाटी हातात धरून तिथेच उभ्या.

"बाई, तुमनी पोरनं नाव काय शे?"

"कमल."

"मंग?" त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "समजी ल्या!"

एवढं बोलून त्या विरजण आणि माझी झोप, दोन्ही घेऊन गेल्या.

मी कॅसेट मागे नेली. पुन्हा ऐकलं. कापा कापा व कमय. दोनदा! एकदा म्हटलं असतं तर ती कविकल्पना समजले असते; दोनदा म्हणजे आग्रह झाला. आणि "मंग धड भरे छान"? वर्तमानपत्रात त्या काळी सुनांच्या काय काय बातम्या यायच्या, त्या सगळ्या एका रांगेत माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"अहो, धड भरतात म्हणजे कशात भरत असतील?"

"पोत्यात," नाना पेपरमधून डोकं न काढता म्हणाले.

(लग्नाला वीस वर्षं झाल्यावर नवऱ्याला कधी प्रश्न विचारू नये, हे मी तेव्हा शिकले.)

कमलला विचारलं. ती हसली. "आई, ते गाणं आहे."

"सगळ्या गुन्ह्यांची सुरुवात अशीच होते!"

"कुठल्या गुन्ह्याची सुरुवात गाण्याने झाली?" असं विचारून ती मग हसायची थांबली, कारण मी पत्र लिहायला बसले होते. माझ्यामागे उभी राहून तिने ते वाचलं. "आई, मला तो आवडलाय," ती हळूच म्हणाली. मी म्हटलं, "म्हणूनच घाई करायची नाही." आणि दुसऱ्याच दिवशी पहाटेच्या एसटीने नाना आणि मी निघालो. हा विसंगतपणा मला आज दिसतो.

पत्र असं होतं: "महोदय, खालील कारणांमुळे हा विवाहसंबंध पुढे नेणे आम्हांस शक्य नाही. १. आपल्या घरच्या गाण्यात माझ्या मुलीला कापण्याचा दोनदा उल्लेख आहे. २. त्यानंतर धड कशात तरी भरण्याचा बेत दिसतो. ३. शास्त्रीयदृष्ट्याही गाणे सदोष आहे." पुरावा म्हणून वही बरोबर घेतली. नाना वाटभर म्हणत होते, "आधी विचारू या. पत्र नंतर." पारोळ्याला एकदा म्हणाले, एरंडोलला पुन्हा म्हणाले. मी म्हटलं, "पुरावा हातात असताना विचारायचं काय?"

न कळवता गेलो होतो. संशयिताला सावध करू नये, हा साधा नियम. घराला वळसा घालून मागच्या अंगणात शिरलो, तर समोर दोन म्हशी बांधलेल्या आणि त्यांच्या मधून एक उंच बाई आमच्याकडे येत होती. हातात लांबलचक बांबू. बांबूच्या टोकाला विळा. विळ्यावर काळपट लाल डाग.

आवाज ऐकताच ओळखला. कॅसेटमधलाच.

"अवो, या व या! मास्तरीणबाई ना तुम्ही? बरं झालं आल्या. आज सकायपासून आम्ही कमयच कापून राह्यलो!"

मी कसंबसं विचारलं, "कापून... मग काय करता?"

"काय करतो? म्हशीले टाकतो!"

इथे मी बसले. गव्हाणीच्या कडेवर. बेशुद्ध नाही, कारण मला स्पष्ट आठवतं की डावीकडची म्हैस माझ्या पदराचा वास घेत होती. आणि त्याच क्षणी आतून धावत आलेल्या तुमच्या बाबांच्या हातात मी ते पत्र कोंबलं आणि ओरडले, "माझी मुलगी धुळ्यातच आहे! ती इथे येणार नाही!"

अक्काला वाटलं, मला ऊन लागलं. तिने माझा दंड धरला आणि सरळ मागच्या बागेत नेलं, सावलीला. आत शिरलो तर गारवा, ओली माती, आणि दोन्हीकडे केळीच केळी. मी केळी आयुष्यभर डझनाने आणली होती; ती बाजारात येण्यापूर्वी काय करतात याची मी कधी चौकशी केली नव्हती. डोक्यावर केळ्यांचा भला मोठा घड लोंबत होता आणि त्याच्या टोकाशी, जाड देठाला, मान खाली घालून, एक जांभळट लाल केळफूल.

"पाह्यलं का? घामाघूम झाल्या बाई तुम्ही. ह्ये आमचं कमय," अक्का म्हणाली. तिने बांबू वर केला, एक हिसका दिला, आणि केळफूल धप्प करून माझ्या पायाशी पडलं. "फण्या साऱ्या निघाल्या ना, की ह्ये कापा लागते. नाही तं सारा जोर ह्येच खाते. आता पाह्य, घड कसा भरते!"

"घड?"

"घड."

"ध... धड नव्हे?"

"धड कोनाचं व माय?"

मागून एक विचित्र आवाज आला. तुमचे बाबा पत्रातल्या मुद्दा क्रमांक दोनवर पोचले होते आणि तोंडात रुमाल कोंबून उभे होते.

"काय लिव्हलं त्याच्यात? वाच मोठ्यानं," अक्का म्हणाली. "वाच म्हनते ना!"

त्यांनी वाचलं. बागेतली माणसं हातातलं काम थांबवून ऐकू लागली. दुसऱ्या मुद्द्याला सगळे हसले. नानासुद्धा! (माझे हक्काचे नाना!) हसली नाही ती फक्त अक्का.

"पंधरा दिवस जुळवलं मी ते गानं," ती म्हणाली. "पोरीचं नाव कमल हाये म्हनून. माहेराहून कापल्याबिगर पोरीचं नवं घर भरत नाही, असं हाये त्याच्यात. तुम्ही त्याच्यात पोतं पाह्यलं." मग तुमच्या बाबांकडे वळून म्हणाली, "ते पत्र ठेव. ह्यायले नसंन द्याची पोर, तं आपून काहून बोलावं?"

लग्न मोडायला मी निघाले होते आणि आता ते खरोखर मोडत होतं. डोळ्यांसमोर माझ्यामागे उभी राहून पत्र वाचणारी कमल आली. माफी मागायला हवी होती. पण मी आयुष्यभर माफीपत्रं लिहून घेतलेली बाई. स्वतः मागायची वेळ आली तेव्हा मराठी सुचेना. कॉलेजातलं इंग्रजी बाहेर पडलं: "आय स्टँड करेक्टेड."

"काय म्हनते?"

तुमच्या बाबांनी प्रामाणिकपणे भाषांतर केलं. "अक्का, त्या म्हणतात, त्या दुरुस्त होऊन उभ्या आहेत."

"मंग बस म्हना!" अक्का म्हणाली. आणि तोंडावर पदर धरला. पदर हलायला लागला तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

जेवायला भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी होती. जेवण झाल्यावर अक्काने माझ्याकडची वही मागून घेतली. ती चौथीपर्यंत शिकलेली. आपल्या गाण्याची ओळ तिने बोटाने शोधली, चुकीचा रकाना अक्षर जुळवत वाचला आणि माझं लाल पेन मागितलं. वीस वर्षांच्या नोकरीत ते पेन मी दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं नव्हतं. दुरुस्तीच्या रकान्यात तिने काहीतरी लिहिलं, वही मिटली आणि अट सांगितली: मांडवात हे गाणं नवरीकडून मीच म्हणायचं. एकटीने.

मी म्हटलं. तुमचे बाबा सांगतात की मी सुरात म्हटलं. ही तिसरी चूक. पण ती दुरुस्त करायला मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही.

अक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. कॅसेटची फीत ताणली गेली आहे. लावली तर अक्का पुरुषी आवाजात गाते आणि कोंबडा घोड्यासारखा वाटतो. पत्र तुमच्या बाबांकडे आहे, ते परत देत नाहीत. वही माझ्याकडे आहे. त्या ओळीपुढे माझ्या रेखीव अक्षरात "चूक. झाडावर येत नाही" असं आहे आणि शेजारी अक्काच्या वाकड्या अक्षरात, "येतं. येऊन पाह्य." त्याच्या खाली मी लग्नानंतर एकदा, कुणी बघत नाही असं पाहून, पेन्सिलीने लिहिलं होतं, "शास्त्रीयदृष्ट्या केळ हे झाड नव्हे." लगेच खोडूनही टाकलं होतं. कागद उजेडात धरला की ते अजून वाचता येतं.