जोशी मॅडमची दोन वर्षं

पनवेलच्या आमच्या कॉलेजात किस्से शोधावे लागत नाहीत. सायन्सच्या स्टाफरूममध्ये चहा येईपर्यंत बसलं तरी एखादा मिळतो. हल्ली मात्र सगळे व्हिसाचेच असतात, आणि हसून झाल्यावर जीव जळतो.

*

केमिस्ट्रीचे भोईर सर जासईचे. अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीने त्यांना वर्षभरासाठी रिसर्च स्कॉलर म्हणून बोलावलं. महिन्याभरात सर परत! का, तर धाकट्या भावाची हळद!

"मी नाय नाचलो तर हळद कसली?"

हळद जोरात झाली. पण निघताना सरांनी तिथल्या ऑफिसला कळवलं होतं, "काम थांबवून घरी चाललोय." ऑफिसने त्यांचा प्रोग्रॅमच बंद करून टाकला. पुन्हा स्कॉलर म्हणून जायचं तर दोन वर्षं थांबा! महिनाभर राहिलात काय आणि वर्षभर राहिलात काय, नियम तोच.

*

मग गेले फिजिक्सचे जोशी सर. सोबत त्यांची बायको, आमच्या बॉटनीच्या जोशी मॅडम, बिनपगारी रजा घेऊन, नवऱ्याच्या व्हिसावर 'डिपेंडंट' म्हणून. खारफुटीच्या अभ्यासासाठी उरणच्या खाडीत गुडघाभर चिखलात उतरणारी बाई! तिथे वर्षभर सरांचे डबे भरत होती.

तरी तिथल्या एका प्रोफेसरबाईंना मॅडमनी आपलं काम दाखवलंच. परत आल्यावर मॅडमना स्वतःचं, स्कॉलर म्हणून निमंत्रण आलं. आम्ही टाळ्या पिटल्या. आठवड्याभरात दुसरी मेल आली, तुम्हालाही दोन वर्षं थांबावं लागेल. डिपेंडंटलाही तोच नियम!

"अहो, मी तिथे फक्त पोळ्या लाटल्या!" मॅडम म्हणाल्या.

आम्ही हसलो. नंतर मला स्वतःचीच लाज वाटली.

*

स्टेशनजवळच्या व्हिसा एजंटकडे मी त्यांच्यासोबत गेले होते.

"टेन्शन नका घेऊ मॅडम! पासपोर्ट हरवला सांगा, नवीन काढा, जुनं सगळं साफ!"

मॅडम तडक उठल्या. रिक्षात म्हणाल्या, "तिथे वर्षभर कुणी माझं नाव विचारलं नाही गं. नियमाला मात्र बरोबर सापडलं!"

*

प्रिन्सिपॉल खूश. "निमंत्रण लॅमिनेट करून ठेवा मॅडम. कॉलेज तपासायला कमिटी आली की दाखवू!"

कमिटी आली. दाखवलं. कमिटीने विचारलं, "मग गेला का नाहीत?" प्रिन्सिपॉलच घाईने म्हणाले, "सर, समोसा घ्या!"

*

प्रोफेसरबाई भल्या. त्यांनी कळवलं, "मी थांबते. पण दोन वर्षं संपली की लगेच या, त्यानंतर मी रिटायर होतेय." मॅडम पुन्हा खाडीवर जायला लागल्या. त्या दिवसांत त्यांच्याकडे बघून बरं वाटायचं.

*

गेल्या महिन्यात दोन वर्षं संपली. परवा जोशी सर पेढे घेऊन स्टाफरूममध्ये आले, मागून मॅडम.

"झालं एकदाचं! अमेरिका!"

आम्ही सगळे मॅडमकडे धावलो. भोईर सर तर टेबल बडवायला लागले.

"अरे, तिचं नाही, माझं!" जोशी सर म्हणाले. "पुन्हा वर्षभरासाठी बोलावलंय. ही येतेय सोबत, डिपेंडंट म्हणून."

भोईर सरांचे हात थांबले. "आणि मॅडमच्या त्या प्रोफेसरबाई? परत आल्यावर मॅडमना पुन्हा दोन वर्षं लागतील ना!"

"हिला काय, थांबायची सवय आहे!" सर हसत म्हणाले.

मॅडमनी त्यांच्या हातातला बॉक्स घेतला, उघडला आणि भोईर सरांपुढे धरला.

"घ्या ना. कंदी आहेत."