विहिरीतली पदकं

माझी शेवटची पोस्टिंग राजस्थानच्या सीमेवर होती. इंजिनियर रेजिमेंट, हुद्दा नायब सुभेदार. काम जमिनीत पेरलेले सुरुंग काढण्याचं. पहाटे फॉल-इन, ब्रीफिंग, मग पोटावर झोपून वाळू टोचत पुढं सरकायचं. लोक विचारतात, भीती वाटायची का? रोज वाटायची. पण तिथं ड्रिल होती, बाजूला आपली माणसं होती. सर्वांत जास्त भ्यालो ते पेन्शनीत आल्यावर, आमच्या कळसाडी गावात, घरच्या विहिरीत.

माझे आजोबा पायदळात शिपाई होते. पासष्टच्या लढाईत पडले. त्यांची दोन पदकं घरी आली, ती आजीनं पितळी डबीत घालून मळ्यातल्या विहिरीत टाकली. गावात हे सगळ्यांना माहीत होतं. विहीर कधी आटली नाही, म्हणून डबी कोणी शोधली नाही. यंदा रस्ता रुंद करायला विहीर बुजवायचं ठरलं.

मी आजीला म्हणालो, अर्ज केला तर दुसरी पदकं मिळतात.

"दुसरा बिल्ला काय करू? माले त्यासनाच जोयजे."

मोटारी लावून पाणी उपसलं. तळाशी मांडीइतका काळा गाळ उरला. जुन्या विहिरीच्या गाळात विषारी वायू साठतो, हे मला माहीत होतं. आधी दोरानं कंदील सोडला. तो जळत राहिला. मग यारीच्या, म्हणजे विहिरीवरच्या क्रेनच्या, पाळण्यात बसून एकेक करत आम्ही उतरलो: मी आणि रायसिंग, विहिरींचा गाळ काढणारा धडगावकडचा गडी. वर यारीवर माझा चुलतभाऊ बापू.

फावडं घातलं तसा कुजक्या अंड्यांचा वास आला. थोड्या वेळानं वास येईनासा झाला. मी थबकलो. वास येणं थांबतं, तेव्हा तो वायू वाढलेला असतो. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. कंदील अजून जळतच होता. कंदिलाला प्राणवायूची कमी कळते, हे विष नाही; त्याच्यावर विश्वास ठेवणं चुकलं होतं.

"रायसिंग, वर चल."

तो वाकलेला होता, तसाच गाळात बसला. मी त्याला बखोटीला धरून पाळण्यात रेटलं.

"बापू, वढ."

"काय झायं आप्पा?"

"वढ. लवकर."

पाळण्यात एकच माणूस मावायचा. तो वर जाऊन परत येईपर्यंत मी खाली एकटा. वर आभाळ ताटाएवढं दिसत होतं. हात थरथरायला लागले. सुरुंगांत माझा हात असा कधी हलला नव्हता. एवढंच मनात येत होतं की पाळणा येईपर्यंत मीही बसलेला असेन.

पाय काढताना टाचेखाली काहीतरी टणक लागलं. वाकणं म्हणजे तोंड वायूत घालणं. शहाणपणाचं नव्हतं. श्वास रोखला, वाकलो, हात घातला. गोल होतं. धरलं. वर कसा आलो ते आठवत नाही. काठावर ओकलो, एवढं आठवतं.

रायसिंगला शहाद्याच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला. तो वाचला, आपल्या पायांनी घरी गेला.

डबी पक्कडीनं उघडली. फिती कुजल्या होत्या. पदकाची कड घासली तसा नंबर दिसला, मग आजोबांचं नाव. नथू लोटन.

आजीला वाचता येत नाही. तिनं नावावरून बोट फिरवलं.

"तुले भ्याव वाटनं का रे?"

"वाटनं, मोठी माय. हात थरथरी ऱ्हायंतात."

"त्यासलेबी वाटे. शेवटली सुट्टी संपनी, तवय स्टँडवर त्यासनी मन्हा हात धरा. त्यासना हात थरथरे. बिल्ले घीसन येल सायेब बोलना, तुन्हा माणूसले भ्याव माहीतच नव्हतं. माले वाटनं, ह्या दुसराच कोना तरी बिल्ले शेतस. म्हनीसन टाकी दिन्हात. पन मन म्हने, त्यासनाच व्हतीन तर?"

पंधरा ऑगस्टला गावच्या शाळेत आजोबांवर बोलायला मला बोलावतात. यंदा मी सांगितलं: शिपाई नथू लोटन, पायदळ. एसटीत चढण्याआधी त्यांचा हात थरथरत होता. ते चढले.