लेखनातला अर्धा गुण

ऐकण्यात आठ, वाचनात साडेसात, बोलण्यात सात आणि लेखनात साडेसहा. इंग्रजीची ती परीक्षा मी दोनदा दिली आणि दोन्ही वेळा लेखनानंच मला आडवं पाडलं. परदेशातल्या ज्या रुग्णालयानं नर्स म्हणून माझी निवड केली होती, त्यांना चारही भागांत सात हवे होते. दिवाळीपर्यंत निकाल आणून द्या, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला जाईल, असं त्यांनी गोड भाषेत कळवलं होतं. म्हणजे आता एकच खेप उरली होती. ती हुकली असती तर कळंबच्या दवाखान्यात सलाईन लावत म्हातारी झाले असते, आणि मला ते नको होतं. आज हे बिनधास्त लिहिते आहे. तेव्हा तोंडून निघत नव्हतं आणि तोच सगळा घोळ होता.

दर रविवारी सासरहून, म्हणजे येरमाळ्याहून, एसटीनं जवळच्या वाशी गावाला जायचे. तिथं एक मॅडम राहायच्या. पुण्यात बरीच वर्षं याच परीक्षेची तयारी करून घेतलेल्या, आता गावी परतलेल्या, आणि तोंडानं फटकळ. पहिला निबंध मी त्यांना दिला तो अगदी दहावीच्या थाटात. वर सुविचार, त्याखाली पट्टीनं रेघ, मध्ये मध्ये जडजड शब्द, आणि मागितलेल्या अडीचशे शब्दांच्या जागी जवळजवळ दुप्पट मजकूर. आमच्याकडं पुरवणी जोडल्याशिवाय पोरगी हुशार ठरत नाही. मॅडमनी आधी सुविचार खोडला.

"पाठ केलेलं तपासणाऱ्याला लांबून कळतं. आणि जास्त लिहिलं म्हणून जास्त गुण नसतात, चुका तेवढ्या जास्त होतात."

मग त्यांनी सांगितलं की तपासणारा चार गोष्टी बघतो. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलंय का, मुद्द्यातून मुद्दा निघतोय का, शब्द नेमके आहेत का, आणि व्याकरण. "तुझं व्याकरण बरं आहे, शब्दही आहेत. तू पहिल्याच ठिकाणी मार खातेस," असं म्हणून त्यांनी कागद माझ्यापुढं धरला. "यात तू कुठं आहेस?"

मी वाचलं. काही लोकांना असं वाटतं, इतरांना तसं वाटतं, दोन्ही बाजूंत तथ्य आहे, ज्यानं त्यानं परिस्थिती बघून ठरवावं.

"जगाची मतं आहेत, तुझं नाही. मधलं मत असलं तरी चालतं, पण ते मत पाहिजे, पळवाट नको. पहिल्या परिच्छेदात सांगायचं आणि शेवटपर्यंत त्यावरून हलायचं नाही."

मला राग आला. याच गुणासाठी तर मी सासरी नावाजलेली होते! मामांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, त्यांच्या भावाशी बांधावरून वाजलं, तेव्हा दोन्ही घरांत जाऊन दोघांनाही 'तुमचंच बरोबर' म्हणणारी मीच. "सून लई समजूतदार हाय," असं भावकीत बोलायचे. माहेरहून निघताना आईनं बजावलं होतं, कुणाच्या अध्यात ना मध्यात पडू नको. ते मी इतकं मनावर घेतलं होतं की आता इंग्रजीतही पडत नव्हते.

मॅडमनी गृहपाठ दिला. घरात रोज एक मत सांगायचं आणि पुढं 'पण' लावायचा नाही. त्याच आठवड्यात मामांनी जेवताना सहज विचारलं, "यंदा खालच्या रानात सोयाबीन टाकावं का तूर?"

"तूर," मी म्हणाले.

सगळ्यांचे हात ताटातच थांबले. मी दोन कारणं दिली आणि एक उदाहरण, अगदी निबंधासारखं. मामांनी ऐकून घेतलं आणि सोयाबीन टाकलं. रात्री नवरा म्हणाला, "तुला बरं न्हाय का?"

सोयाबीन-तुरीचं ठीक होतं. आत्यांचं कुणीच काढत नव्हतं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवी बाजू लुळी पडली. अंघोळ, वेणी, कुशीवर वळवणं, सगळं माझ्याकडं. मी गेल्यावर हे कोण करणार? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणायचा, "बघू, दादा काय म्हंत्यात." दादा, म्हणजे मामा, म्हणायचे, "आधी पास तर व्हय." सगळं घर त्या अर्ध्या गुणाच्या आड लपून बसलं होतं, आणि मीही. कधीकधी वाटायचं, नापास झालेलंच बरं, कुणाला काही सांगावंच लागणार नाही. मग असं वाटल्याचीच चीड यायची.

तिसऱ्या खेपेला पुण्यात संगणकासमोर बसले. पडद्यावर प्रश्न आला: वृद्ध आईवडिलांची शुश्रूषा मुलांनीच केली पाहिजे, तुम्ही कितपत सहमत आहात?

मी प्रश्न दोनदा वाचला. मॅडम सांगायच्या, तपासणाऱ्याला तुझं खरंखोटं बघायचं नसतं, तू ठाम आहेस का एवढंच तो बघतो. ज्या बाजूला मुद्दे जास्त, ती धर. सहमतीच्या बाजूला मला दोन वाक्यं सुचली, तीही शाळेतल्या भिंतीवरची. दुसऱ्या बाजूला मला सगळंच ठाऊक होतं. 'मी असहमत आहे,' असं मी लिहिलं. नाव न घेता आत्यांचं उदाहरण दिलं. माया करणं आणि पाठीला जखम होऊ नये म्हणून माणसाला वळवणं ही दोन वेगळी कामं आहेत, दुसरं काम शिकलेली, पगारी बाईही नीट करू शकते, असं लिहिलं. कुठंही अडले नाही. वेळ संपली तेव्हा लक्षात आलं की आत्यांचा निकाल मी लावून टाकलाय.

लेखनात सात पडले, बाकीचे तिन्ही भागही सातच्या खाली गेले नव्हते. फोनवर निकाल बघून मी ओरडलेच. मामा ओसरीवर बसले होते. "येडाईनं केलं बघ!" गावच्या देवीला हात जोडत म्हणाले, आणि मग, "काय इचारलं व्हतं?"

मी प्रश्न सांगितला.

"आन् तू काय लिव्हलंस?"

जिभेवर 'दोन्ही बाजूंनी' आलंच होतं. ते गिळलं आणि जे लिहिलं होतं तेच सांगितलं. मामा जमिनीकडं बघत म्हणाले, "मार्क दिलं म्हंजे बरोबरच असंल."

"बरोबर असण्याचे गुण नसतात, मामा. ठाम असण्याचे असतात."

"मंग बरोबर काय?"

मी काही बोलायच्या आत आतून आत्यांचा आवाज आला. वारं गेल्यापासून त्यांचे शब्द जड पडायचे, पण हे स्वच्छ ऐकू आलं.

"मला इचारलं का कुणी?"

मी आत जाऊन त्यांच्या बाजेवर बसले. "सांगा, आत्या."

"जाऊ नगंस." त्यांनी दम घेतला. "बाहीरच्या बाईनं मला उघडं बघायचं, त्ये मला न्हाय चालायचं."

एवढा साधा मुद्दा माझ्या अख्ख्या निबंधात नव्हता. जिला वळवायचं, तिचं स्वतःचं मत काय असेल, हे माझ्या मनाला शिवलंही नव्हतं, आणि तपासणाऱ्यालाही त्याची उणीव भासली नव्हती. मला भयंकर लाज वाटली. तरीही आत जे होतं ते हललं नाही.

"मला जायचंय, आत्या," मी म्हणाले. पुढं 'पण' लावला नाही.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, माझ्याही. मग त्या डाव्या हातानं बाजेची कड धरून धडपडायला लागल्या. त्यांना माझ्याकडं पाठ करून भिंतीकडं वळायचं होतं आणि एकटीला ते जमत नव्हतं. मी त्यांच्या पाठीखाली हात घातला आणि त्यांना वळवलं.